लेकीच्या अर्जातली आई

ताई, तुला आणि भाऊजींना नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो?

लेकीला मानसशास्त्रात पीएचडी करायची आहे. मार्गदर्शक म्हणून एक प्राध्यापक बाई मिळतील असं दिसत होतं. हाच विषय का, ते त्यांनी लिहून मागितलं. भाषा तपासायला कागद माझ्याकडे आला. जन्मभर मी इंग्रजीच शिकवलं ना!

पहिलीच ओळ: "शहाण्णव गुण मिळाले, की उरलेले चार कुठे गेले असं आई विचारायची." परक्या बाईला सांगायची गोष्ट आहे का ही?

"खोटं असेल तर खोड," लेक म्हणाली.

मी दोन स्वल्पविराम घातले आणि कागद परत दिला.

काल बाईंचा होकार आला. माझी बाजू कुणी विचारली नाही. घरी सगळ्यांना फक्त होकाराचं सांग.

तुझी धाकटी