इन्चार्ज सिस्टरच्या दंडावरची पट्टी

मंगळवार, संध्याकाळ. मुलुंड.

आज आम्हा नर्सेसना फ्लूची लस होती. टोचणारी आमच्यातलीच, सुनीता. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "मी सकाळीच घेतली. तुम्ही कसल्या घाबरता गं?" आणि डाव्या दंडावरची पट्टी दाखवली. दुपारी डबा खाताना त्यांची बाही सरकली, तर पट्टी उजव्या दंडावर. मला भास झाला का? नाही, उजव्यावरच. घामाने निघाली असणार आणि परत लावताना चुकल्या. म्हणजे लस घेतलीच नाही? आणि वॉर्डातल्या दम्याच्या आजींना रोज जवळ बसून भरवतात.

उद्या विचारतेच. पण त्या म्हणाल्या, "आधी तुझी पट्टी काढून दाखव," तर? मीही सुनीताकडून नुसती पट्टीच लावून घेतलीय.