तेलकट पुस्तक रद्दीत न घालण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय ग्रंथतपासणी अधिकारी,
ग्रंथतपासणी कार्यालय (पूर्व विभाग),
जळगाव.

विषय : ‘ऑईल इंजिन : बिघाड व उपाय’ या पुस्तकाची जुनी प्रत निर्लेखित न करण्याबाबत.

संदर्भ : आपल्या निरीक्षक साहेबांची गेल्या आठवड्यातील तपासणी आणि तीत झालेली दुखापत.

महोदय,

१. अर्जदार हा सातपुडा सार्वजनिक वाचनालय, बोरसांगवी, ता. चोपडा या संस्थेचा मानद चिटणीस आहे. आपल्या कार्यालयाचे निरीक्षक साहेब तपासणीसाठी येऊन गेले. त्यांचे नाव अर्जदार मुद्दाम लिहीत नाही. हात दुखत असताना माणसाचे मनही दुखवू नये, एवढी माणुसकी बोरसांगवीत अजून आहे.

२. साहेबांनी तांत्रिक विषयांचे कपाट उघडून “पुस्तके उत्तम स्थितीत” असा शेरा दिला. शेरा खरा आहे. ती पुस्तके उत्तम स्थितीत आहेत, कारण त्यांना कोणी हात लावत नाही. आपल्याच कार्यालयाने पाठवलेले ‘केळी : उगम आणि उन्नती’ घ्या. त्यात आधी आशीर्वाद, मग प्रस्तावना, मग त्या प्रस्तावनेबद्दल आभार, मग लेखकाचा हार घातलेला फोटो. केळीचे पहिले रोप निम्मे पुस्तक संपल्यावर उगवते आणि पुढच्याच पानावर त्याची निर्यात होते. मधल्या काळात त्याला पाणी कोणी दिले, खत कोणी घातले, वाऱ्याने आडवे झाले तेव्हा टेकू कोणी लावला, याचा पत्ता नाही. लेखकाने केळ फक्त सोलून पाहिलेले दिसते. गुण सांगायचाच तर कागद चांगला आहे आणि बांधणी मजबूत आहे. अर्जदार त्याचा उपयोग खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून करतो, आणि त्या कामी पुस्तकाने कधी दगा दिलेला नाही.

३. ‘घरच्या घरी रेडिओ दुरुस्ती’ हे दुसरे रत्न. पहिल्या प्रकरणात रेडिओ उघडायला सांगितला आहे, दुसऱ्यात दुरुस्त रेडिओचा आनंद कसा घ्यावा ते आहे. दरम्यान काय करायचे ते लेखकाने गुलदस्त्यात ठेवले आहे. गावातील अभिमन भाऊंनी ते वाचून रेडिओ उघडला. तो अद्याप उघडाच आहे.

४. आता मूळ तक्रारीकडे येतो. या सगळ्या कपाटात वाचण्याजोगे पुस्तक एकच, ‘ऑईल इंजिन : बिघाड व उपाय’. साहेबांनी ते दोन बोटांनी शेपटीला धरल्यासारखे उचलले आणि “अत्यंत खराब, निर्लेखित करावे” असा आदेश टंकलिखित करून घेतला. निर्लेखित म्हणजे यादीतून उडवून रद्दीत. पुस्तक खराब आहे हे अर्जदार नाकारत नाही. त्याला डिझेलचा वास येतो, पाने तेलाने पारदर्शक झाली आहेत, पुठ्ठा तर उखर्डू आबांच्या विहिरीतच राहिला. आमच्याकडे हे पुस्तक टेबलावर वाचत नाहीत. ते फडक्यात बांधून शेतात नेतात आणि इंजिनाशेजारी उघडतात. वीज येते येते म्हणतात आणि येत नाही. केळीला तर पाणी लागतेच.

५. या पुस्तकाच्या लेखकाला लिहिता येत नाही, हे आधीच कबूल करतो. वाक्ये ठेचकाळतात, चित्रे मुलाने काढल्यासारखी आहेत. पण हा माणूस इंजिनापाशी उकिडवा बसलेला आहे, हे पानोपानी कळते. त्याने प्रकरणांना सुट्या भागांची नावे दिलेली नाहीत, तक्रारींची दिली आहेत : ‘धूर काळा येतो’, ‘सुरू होऊन बंद पडते’. नळीत हवा धरली तर कोणता स्क्रू सैल करायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचे, हे त्याने असे सांगितले आहे की वाचणाऱ्याला पुन्हा विचारावे लागत नाही. स्वतःचा फोटोही छापलेला नाही. बिचाऱ्याला लेखक होता आले नाही, ते आमचे नशीब.

६. मात्र त्यात एक घोडचूक आहे. इंजिनाचे हँडल फिरवताना ते अंगठ्याचा वेढा देऊन मुठीत घट्ट आवळावे, असे छापले आहे. इंजिनाने उलटा झटका दिला की असा हात सुटत नाही, मोडतो. जीवराम नानांचा मोडला. आमच्या वाचनालयाची रीत अशी की, पुस्तकाच्या चुकीने ज्याचे नुकसान झाले त्याने समासात दुरुस्ती लिहून सही करायची आणि चिटणिसाने खात्री करून शिक्का मारायचा. त्याप्रमाणे नानांनी डाव्या हाताने, आपल्या अहिराणीत लिहिले, “आठे चुकेल शे. अंगठा बोटस्ना बाजूले ठेवा. मन्हं मनगट मोडनं.” त्यानंतर गावातल्या कोणाचे मनगट मोडले नाही.

७. साहेबांनी या नोंदीला ‘विद्रूपीकरण’ आणि शिक्क्याला ‘गैरवापर’ म्हटले. जुन्या प्रतीच्या जागी त्यांनी याच पुस्तकाची नवी, कोरी करकरीत आवृत्ती आणली होती. तीत एका मोठ्या माणसाची प्रस्तावना वाढली आहे, चूक जिथल्या तिथे आहे. अर्जदाराने ती दाखवली. साहेब म्हणाले की छापील मजकूर प्रमाण असतो. यावर अर्जदाराने हात टेकले आणि साहेबांना तानुबाई अक्कांच्या विहिरीवरच्या इंजिनापाशी नेले.

८. तेथे साहेबांनी नवी आवृत्ती ओट्यावर ठेवली, परिच्छेद मोठ्याने वाचला आणि हँडल धरले. तानुबाई अक्का दोनदा म्हणाल्या, “साहेब, अंगठा काढी ल्या.” साहेबांनी त्यांना पृष्ठ क्रमांक सांगितला. पुढे जे झाले त्यास अर्जदार जबाबदार नाही. हँडलने पुस्तक वाचलेले नव्हते. अक्कांनी पदर फाडून हात गळ्यात बांधला, केळीचे पाणी अडले होते म्हणून आधी इंजिन सुरू केले आणि मग साहेबांना चोपड्याला न्यायला गाडी जुंपली. वाटेत साहेबांनी छापील मजकुराविषयी काही म्हटले नाही. जे म्हटले ते छापण्याजोगे नव्हते.

९. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने टंकलिखित आदेशावर साहेबांची सही व्हायची राहिली आहे. तेवढे दिवस जुनी प्रत वाचली, म्हणून अर्जदार त्या हँडलचा आभारी आहे. पण प्लास्टर निघेल, सही होईल, जुनी प्रत रद्दीवाल्याकडे जाईल आणि कोरी प्रत शेतोशेत फिरू लागेल. गावात अजून पुष्कळ मनगटे शाबूत आहेत, ती तशीच राहावीत एवढाच या अर्जाचा स्वार्थ.

१०. नव्या प्रतीतही समासात तीच दुरुस्ती, साहेबांचा हात चालत नसल्याने, अर्जदाराने त्यांच्या वतीने लिहून तयार ठेवली आहे. शिक्का मारायचा आहे, परंतु ज्याचे नुकसान झाले त्याची सही आधी लागते, आणि ती साहेबांचीच आहे. तरी साहेबांचा हात बरा झाल्यावर त्यांनी पहिली सही कोठे करावी, आदेशावर की दुरुस्तीवर, एवढे आपण ठरवून द्यावे.

आपला (अजून तरी) नम्र,
चुडामण उखर्डू पाटील
मानद चिटणीस

बोरसांगवी, दि. १४ डिसेंबर १९८९

सोबत : नवी प्रत, सहीची जागा मोकळी ठेवून. जुनी प्रत पाठवता येत नाही. ती जीवराम नानांच्या शेतावर वाचनात आहे.