शनिवारच्या लाकडाबद्दल

मी, लेम्पी मत्तिला, माहेरची कोस्केला, वय वर्षे बहात्तर, राहणार तापिओला, मिशिगन, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी दडपण आणलेले नाही. आणले असते तर ते माझे पती वैनो यांनीच, आणि आज शनिवार असल्यामुळे ते घरात नाहीत. आम्ही दोघांनी मिळून पूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते.

कलम १. घर, अंगण आणि मागचे बर्चचे रान माझ्या वडिलांकडून माझ्या नावावर आले. वैनो यांनी हयातभर घरात राहावे. नवऱ्याला बर्फात काढणारी बाई मी नाही. त्यांच्यामागे हे सर्व आमची मुलगी जोआन हिला मिळावे, पण कलम ४ मधली अट पाळली तरच.

कलम २. अंडी विकून साठवलेली बँकेतली रक्कम चर्चच्या महिला मंडळाला, कॉफीसाठी. कॉफी दर वेळी ताजी करावी. मी आयुष्यभर कालच्या चोथ्यात नवी चिमूट टाकून उकळत आले. वैनो म्हणायचे, "चव तीच लागते गं, उगाच कशाला लाड?" चव तीच लागत नव्हती.

कलम ३. जाऊ सायमी हिला पुढील वस्तू: बुटात मोज्यांवर चढवायच्या पावाच्या रिकाम्या पिशव्या, धुऊन घड्या घातलेल्या. खिडक्यांवर ताणून लावायचे प्लास्टिक, दर वसंतात जपून काढलेले. दाराच्या फटीतला वारा अडवायला जुन्या विजारीच्या पायात वाळू भरून शिवलेले लोड. बटाटे उकडलेले पाणी फेकू नये, पाव त्यात मळावा, दूध कमी लागते, हेही तिला सांगावे. या कशाचीच मला लाज नाही. काटकसर मी हौसेने केली, कारण आम्ही दोघे मिळून ती करतो आहोत असे मला वाटत होते.

कलम ४. अंगणातली सॉना, आम्हा फिनिश लोकांची वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली. घराच्या आधी माझ्या वडिलांनी ती बांधली. माझा जन्म तिथला, जोआनचाही. खाण बंद पडली त्या वर्षी वैनो म्हणाले, "शनिवारी एकदा सॉना तापवायला जेवढं लाकूड लागतं, तेवढ्यात घर दोन दिवस ऊबदार राहील. पोरीला कॉलेजात घालायचंय ना?" मी लगेच हो म्हटले आणि सॉना बंद केली. तेव्हापासून मी चुलीपुढे बादली ठेवून अंग पुसत आले.

वैनो मात्र दर शनिवारी धाकट्या भावाकडे, अर्व्होकडे, लाकूड फोडायला जात. रात्री लालबुंद होऊन परत येत. मी म्हणायची, "अहो, किती गारठलात!" आणि त्यांच्या गालांना मलम चोळायची. ते डोळे मिटून चोळून घेत.

गेल्या फेब्रुवारीत ते हातमोजे विसरले. तेवढ्या थंडीत उघड्या हाताने कुऱ्हाड कशी धरतील, म्हणून मी ते घेऊन चालत गेले. अर्व्होच्या अंगणात सॉनाचा धूर सरळ वर चालला होता. दार उघडले आणि वाफेच्या लोटातून वैनो बाहेर आले, कमरेला टॉवेल, आणि हसत बर्फात लोळले. घरात टेबलावर ताजी कॉफी, वेलदोड्याचा पाव, सॉसेज. केस ओले असलेली जोआन तिथेच बसली होती.

सायमी म्हणाली, "अगं बाई, तू? तुला वाफ सोसत नाही ना? भाऊजी सांगतात, घरची सॉनासुद्धा तू पेटवू देत नाहीस, एकेक ओंडका मोजून ठेवतेस. त्यांची दया येते गं आम्हाला."

जोआन म्हणाली, "आई, तुला वाईट वाटेल म्हणून आम्ही कधी विषय काढला नाही."

वैनो आत आले आणि म्हणाले, "आता इथे तमाशा नको."

मी तमाशा केला नाही. हातमोजे टेबलावर ठेवले आणि घरी आले. ऊब त्यांनी एकट्याने खाल्ली, तेही मी एक वेळ सोडून दिले असते. पण गावभर चिक्कू बाई म्हणून माझे नाव केले, आणि माझ्या पोटच्या मुलीने ते खरे मानले. हे मी सोडत नाही. हे कलम माझ्या अंत्यविधीनंतरच्या कॉफीच्या वेळी सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

अट अशी: जोआनने ही सॉना दर शनिवारी तापवावी आणि ज्याला यायचे त्याला येऊ द्यावे.

कलम ५. पूर्वी आमच्याकडे माणूस गेले की त्याला सॉनातच शेवटची अंघोळ घालत. माझ्या आईला मी तिथेच घातली. मलाही तिथेच घालावी. सॉना सकाळपासून तापवावी. लाकूड वैनो यांनी स्वतः वाहून आणावे आणि ते मोजू नये. आत फक्त बायकांनी यावे. सायमीलाही येऊ द्यावे, तिला खरे माहीत नव्हते. वैनो यांनी बाहेर पायरीवर बसावे. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारले, "आत का नाही गेलात?" तर त्यांनी सांगावे, "मला वाफ सोसत नाही."

सही: लेम्पी मत्तिला

साक्षीदार, दोघींनी माझ्यासमोर व एकमेकींसमोर सह्या केल्या:
१. हिल्मा रुओनावारा, शेजारीण
२. एडिथ पेल्टो, चर्चची ऑर्गनवादक

ठिकाण: तापिओला, मिशिगन
शनिवार, १९ नोव्हेंबर १९८३