उजव्या चाकाचा नट

सोम. ४ मे
उलव्याचा महेश पिकप घेऊन आला. बहिणीच्या लग्नात मिरवायला पुढच्या स्प्रिंगा कापून गाडी तीन इंच खाली बसवलीय. आता स्टिअरिंग डावीकडे ओढतंय, पुढचे टायर आतून खाल्लेत. म्हटलं, मूळ स्प्रिंगा टाक. "नाय दादा, हलदीला गारी अशीच पायजे." नाही म्हणायला हवं होतं. पण मला कधी जमलंय ते!

मंगळ. ५
दोन्ही चाकं वरून आत झुकलेली. तो झुकाव बदलायला कंपनीने ॲडजस्टमेंट दिलेलीच नाही. शेवटी चाक शॉकपला, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरला, जिथे नट-बोल्टने धरलेलं असतं ते भोक कानशीने लांबट केलं, चाकं उभी केली. अलाइनमेंटच्या मशीनवर आकडे सुंदर. स्वतःवरच खूश. आता सगळा भार त्या नटांच्या आवळण्यावर.

बुध. ६
गाडी दिली. साडेअकराच्या आत हलली पाहिजे, असं भटजींनी सांगितलेलं. उजव्या चाकाशी बसलो होतो, तेवढ्यात महेशची आई ताट घेऊन ओवाळायला पुढे आली. पाना ठेवून बाजूला झालो. कुंकू, नारळ, पेढा. गाडी गेली.

गुरु. ७
नट पक्का आवळला की त्यावर पांढरी रेघ मारतो, वर्षानुवर्षांची सवय. आज रंगाची बाटली हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. डावीकडे मारलेली आठवते. उजवीकडे…
महेशने पाठवलेला ओवाळणीचा फोटो मोठा करून पाहिला. चाक वळलेलं, मागे नट दिसतोय. रेघ नाही. तो सुटला तर चाक जागच्या जागी आडवं होईल.
फोन केला. "दादा, एकदम मक्खन चालतंय!" मी म्हणालो, वेळ मिळाला तर एकदा आण. वेळ मिळाला तर! माझी चूक झाली, एवढं तोंडातून निघालं नाही. भित्रा आहे मी.

शुक्र. ८
आला नाही. नलूला सांगितलं. भाजी निवडता निवडता तिचा हात थांबला. "अहो, घरची हळद टाकून कोण येईल तुमच्याकडे? चूक झाली म्हणून सरळ सांगा. माणसांचे जीव आहेत." संध्याकाळपासून महेशला अकरा फोन केले. डीजेत कोण उचलतंय! उलव्याला जायला हवं होतं. भरल्या मांडवात सगळ्यांसमोर बोलायची छाती झाली नाही. सकाळी जातो.

शनि. ९
सकाळी मांडवात एक म्हातारी झाडत होती. "वऱ्हाड कवाच गेला, पेनला." म्हणजे कर्नाळ्याची वळणं. तिथूनच फोन लावला, लागला. एका दमात सांगून टाकलं. उजवा नट मी आवळलेलाच नाही, माझी चूक आहे, हळू कर, बाजूला घे. मागे गाणी चालू होती. मग महेश म्हणाला, "दादा, उतार लागलाय. पुढं बहीन बसलीय, मागं धा बायका हायत."
"ब्रेक हळूहळू दाब."
"बरं. थांबलो की फोन करतो."

रिक्षात लिहितोय, अक्षर वेडंवाकडं. पाना मांडीवर. पळस्प्याला न्हावा शेव्याच्या कंटेनरांची रांग, हलायचं नाव नाही. नुसतं बसून राहिलो तर वेड लागेल.
वीस मिनिटं झाली. फोन आला नाही. मीही करत नाही. उचलायला त्याने स्टिअरिंगवरचा हात काढला तर?