रिकामी मुळं

मॅडम, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज मला तुमचीच भीती वाटतेय. धुळ्याच्या कॉलेजात तुम्ही मक्याचं मूळ निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं होतंत. मुळाच्या आत बुरशीचे धागे, पेशीपेशीत इवल्या झाडांसारखे फुटलेले. "ही मुळाला स्फुरद आणून देते, मूळ तिला साखर देतं," तुम्ही म्हणालात. पुढे एका प्रयोगात मी कुंड्यांतली सगळीच माती वाफेवर निर्जंतुक केली, तेव्हा केवढ्या चिडलात! "रिकामी माती म्हणजे चांगली माती नव्हे. तिथे जो आधी पोचेल त्याचं राज्य."

आता मी भुसावळजवळच्या एका केळीच्या रोपवाटिकेत आहे. बाटलीत वाढलेली रोपं आम्ही मातीत रुळवतो. मागच्या हंगामात केळीवरच्या मर रोगाच्या, तोही बुरशीचाच, बातम्या यायला लागल्या आणि मी घाबरले. प्रत्येक ट्रेमध्ये बुरशीनाशक ओतायला लावलं, तीन-तीनदा. रोपं टवटवीत दिसली, विकली गेली. गेल्या आठवड्यात शिरपूरकडच्या एका शेतकरी बाईंचा फोन आला, "ताई, बठ्ठी केळी पिवळी पडी ऱ्हायनी." मी गेले. सगळी बाग खरंच पिवळी. खोड आडवं कापते, तर आत तपकिरी वर्तुळं. मर रोगच. हा रोग एकदा जमिनीत शिरला की वर्षानुवर्षं जात नाही.

मुळं आणून रंगवली. निळा धागा एकही नाही. रोपवाटिकेतल्या या वर्षीच्या रोपांचीही तीच गत. ती बुरशी असती तर मर थांबलाच असता, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण मुळांच्या राखणीला कोणी उरलं नव्हतं आणि ते माझ्यामुळे. मालकांना सांगितलं, ही रोपं बाहेर जाणार नाहीत. ते खूप ओरडले, पण रोपं थांबवली. नव्या ट्रेंत चांगल्या बुरशीचं कल्चर मिसळलंय. रोज एक मूळ तपासते. अजून काही दिसत नाही.

बाईंच्या शेतातली आजारी झाडं जागीच नष्ट केली, तिथलं पाणी पुढे जाऊ दिलं नाही. निघताना त्यांनी विचारलं, "हाई कसं काय व्हयनं, ताई?" मी म्हणाले, "कधीकधी पाण्यातून येतं." खोटं नाही ते. पण बुरशीनाशकाचं मी काहीच बोलले नाही. "तुम्ही इतक्या लांब आल्या," म्हणत त्यांनी चहा टाकला.

मॅडम, मी तो बसून सगळा प्यायले.