बंडूविषयी सौ.ला अद्याप सांगितलेले नाही

मलकापूर, गुरुवार, दि. ९ जानेवारी १९६४

सौ.च्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू आज सकाळी काढला. डावा डोळा बालपणीच देवीत गेलेला. तेव्हा जे काही आहे ते या एकाच डोळ्यावर. नेत्रशिबिर धर्मशाळेत भरले आहे. भिंतीवरील फलकावर 'रुग्ण' शब्दातील 'रु' दीर्घ होता. खडूने दुरुस्त केला. परिचारिका पाहत होती.

दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोहों बाजूंस वाळूच्या पिशव्या. उताणे निजायचे, मान हलवायची नाही. डॉ.नी मला बाजूस घेऊन बजावले : खोकणे, शिंकणे, हसणे, रडणे, सर्व वर्ज्य. "विशेषतः रडणे. टाके तुटले तर डोळा गेला."

खाटेवर आणल्यावर सौ.चे पहिले वाक्य : "बंड्याले भाकर कोन देईन?"

बंडू आमचा कुत्रा. शेजारचे शेषराव व त्यांची बायको गयाबाई त्याला सांभाळीत आहेत. गयाबाई देईल, म्हटले. आम्ही निघालो तेव्हा तो मोटारीमागे ओढ्यापर्यंत धावला होता. सौ.ला दिसत नव्हते, भुंकणे ऐकू येत होते. खिडकीतून म्हणत राहिली, "जाय बे घरी, जाय."

शनिवार, ११

दुपारच्या मोटारीने शेषराव आले. फाटकापाशीच थांबले. "अंदर नाही येत मी, काका. काकूनं आवाज ओयखला तं काय सांगू?"

काल सकाळी दावे तोडून बंडू मलकापूरच्या रस्त्याला लागला. कापसाच्या ट्रकखाली सापडला. "जाग्यावरच गेला, काका. तडफडला नाही." हे वाक्य त्यांनी दोनदा उच्चारले, म्हणून माझा त्यावर विश्वास नाही. स्वतःच्या शेताच्या बांधावर पुरला. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर बोरीच्या काट्या टाकल्या. भला मनुष्य. पाणीसुद्धा न घेता परत गेला.

फाटकाजवळच्या ओट्यावर बसून राहिलो. रडावे तर कोठे? आत जाणे होतेच, आणि सौ. पावलांवरून माझी प्रकृती ओळखते.

"कोन आल्तं?"

"कोणी नाही."

आयुष्यभर कचेरीबाहेर बसून अर्जनविशी केली. इतरांची असत्ये निर्दोष भाषेत कागदावर उतरवली. स्वतःचे असत्य अवघ्या दोन शब्दांचे, तेही नीट उच्चारता आले नाही.

रविवार, १२

"बंड्याची काही खबर?"

ठीक आहे, म्हटले.

"ठीक म्हंजे काय जी? तुमी तं एकेका गोष्टीचं रामायण करता."

मग सांगावे लागले. निरोप आला आहे. गयाबाईची भाकर खातो, परंतु आधी बराच वेळ हुंगतो.

"मी म्हनतच होती. गयेची भाकर जाड रायते." समाधान पावून निजली.

बंडूने माझे कधी ऐकले नाही. मी "बंडू, इकडे ये" म्हणे. शेपूटसुद्धा हलवीत नसे. सौ.ने "ये बे इकडं" म्हटले की हजर. तिचे म्हणणे, "तुमची कचेरीची भाषा आयकून त्याले वाटते समन्स आला." मी रागावलो होतो तेव्हा. संध्याकाळी वृत्तपत्र वाचावयास बसलो की मात्र माझ्याच पावलांवर हनुवटी टेकून पडे. पाय अवघडत, तरी मी ते हलवीत नसे. आज येथे वृत्तपत्र मिळाले. वाचले नाही.

मंगळवार, १४. संक्रांत.

परिचारिकेने तिळगूळ वाटला. सौ.ला चावणे वर्ज्य; कणभर जिभेवर ठेवला.

"गोड बोला म्हनतेत ना आज? तं बंड्याचं बोला."

बोललो. गयाबाईच्या परातीतून त्याने लाडू पळविला. शेषराव वहाण घेऊन मागे धावले, तेव्हा वहाणही पळविली. सौ.ला हसू फुटले. मी घाबरून तिचे कपाळ तळव्याने धरले.

"हसू नकोस."

"मंग सांगता काऊन असं?"

पलीकडच्या खाटेजवळ बसलेली म्हातारी म्हणाली, "बाई, तुयं कुत्रं लय गुनाचं दिसते. पिलू असंन तं मले ठेवजो."

"नर आहे," मी म्हटले. आहे.

सांगताना तो मला दिसतो. तोंडात लाडू, कान मागे. थांबलो की दिसेनासा होतो. दुपारी आणखी एक हकीकत सांगू लागलो. अर्ध्यावर ध्यानात आले की सौ.ने विचारलेच नव्हते.

गुरुवार, १६

सौ.ने आज बंडूचे नाव काढले नाही. कालही नाही. मीच म्हटले, थंडीमुळे तो हल्ली चुलीजवळ निजतो म्हणे.

"हो." एवढेच.

पट्टीमुळे मुद्रा वाचता येत नाही. हनुवटी तेवढी दिसते; ती घट्ट आवळलेली. नंतर पाणी मागितले. घोट घेतला आणि किती वेळ तसाच तोंडात धरून ठेवला.

तिला कळले असेल? शेषरावांचा आवाज इतक्या दूर येणे शक्य नाही. की मीच अति बोललो? आजवर बंडूचे इतके कौतुक माझ्या तोंडून तिने कधी ऐकलेले नाही. साक्षीदार पढविलेला असला म्हणजे असाच न विचारलेले बोलतो, हे मला ठाऊक असावयास हवे होते.

डॉ.ना विचारले, सांगून टाकू काय? म्हणाले, पट्टी निघेपर्यंत मुळीच नाही.

शुक्रवार, १७

पट्टी निघाली. डॉ.नी बोटे धरली, तिने अचूक सांगितली. मग माझ्याकडे वळून, "सुकले काऊन तुमी इतके?"

जवळचे दिसते, तेही धूसर. चष्मा दीड महिन्याने. तोवर वाकणे नाही, ओझे उचलणे नाही, रडणे नाही. जन्मभर लोकांना मुदतवाढीचे अर्ज लिहून दिले. ही न मागता मिळालेली मुदतवाढ मला नको होती. दीड महिना कसा...

शनिवार, १८

उद्या सकाळच्या मोटारीने घरी, धामणगावला. सामान बांधले. अंगणात पाऊल ठेवताच बंडूने अंगावर झेप घ्यावयास हवी. ती येणार नाही, तेव्हा काय? मोटारीत सांगावे? चारचौघांत? सायंकाळी मनाचा हिय्या करून प्रारंभ केला, "हे पाहा, उद्या घरी गेल्यावर..."

तिने हात वर करून मला थांबविले. डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड आहे.

"मले आता कुत्रं अन् मडकं सारखंच दिसते. अंगनात काय हाय, काय नाही, ते चष्मा आल्यावर पाहू. तवरोक मी इचारनार नाही, तुमी सांगू नका."

"अगं, पण..."

"अन् लबाड बी बोलू नका आता. थकले तुमी."

बरे, म्हटले. 

थोड्या वेळाने ती भिंतीकडे तोंड करून निजली. कुशीवर निजण्याची परवानगी कालपासून आहे. खांदे हलतात काय, हे जवळ जाऊन पाहिले. हलत नव्हते. उशी ओली आहे की कोरडी, हे हात लावून पाहण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.