घरातल्या घरात रीफ

४ जानेवारी
श्रुतीची पोर्ट ब्लेअरला निवड झाली. पीएचडी, तीन वर्षं. विषय काय, तर रीफवरच्या, म्हणजे समुद्रातल्या कोरलच्या खडकांवरच्या, माशांची पिल्लं लहानपणी कुठे राहतात. कुठे राहणार? आईबापाकडे. याला डिग्री कशाला लागते?
म्हणाली, तसं नसतं पप्पा. काही तिवरांच्या चिखलात वाढतात, काही समुद्रातल्या गवतात, मोठी झाली की रीफवर जातात. मी म्हटलं, कोपरखैरण्याच्या खाडीला तिवरं ढिगाने आहेत, इथेच बस मोजत. तर म्हणे, इथे रीफ नाही.
ठीक आहे. रीफ मी आणतो. निम्मं आयुष्य न्हावा शेवा बंदरात कस्टममधून लोकांचा माल सोडवण्यात गेलं. अडवताही येतो.

११ जानेवारी
माशांची टाकी आली. बायकोचं शोकेस गॅलरीत गेलं. मीना बोलत नाही. बरंच झालं. शेजारचा विलास डोकावून म्हणाला, सुभाषराव, कासव पाळताय का. जळतो लेकाचा.
पाण्यात खडेमीठ टाकून दोन मासे सोडले. समुद्र म्हणजे दुसरं काय असतं?

१२ जानेवारी, सकाळ
दोन्ही मासे उलटे. दुकानदार चोर. आता म्हणतो, माशांचं मीठ वेगळं मिळतं. घेतलं. तीन नवे मासेही घेतले.

१८ जानेवारी
रीफ पूर्ण. कोरल म्हणजे पोवळं, हे मोबाईलवर बघितलं. सासूबाईंची पोवळ्यांची माळ कपाटात नुसती पडून होती. दगडाला गुंडाळून सोडली टाकीत. झक्कास!
मीनाने घर डोक्यावर घेतलं. माळ श्रुतीला द्यायची होती म्हणे. मग दिलीच की! श्रुती पोट धरून हसली. म्हणजे विरघळतेय.

२५ जानेवारी
खाडीवरच्या रूपेशने जाळ्यात आलेलं पट्ट्यापट्ट्यांचं पिल्लू दिलं. "तांबचा पोर हाय," म्हणाला. तांब म्हणजे मोठा तांबडा मासा. श्रुती म्हणाली, हे आत्ता तिवरांत राहतं, मोठं झालं की बाहेर खडकांवर जाईल, कोंडू नका. मी विचारलं, खायला वेळेवर मिळतंय, डोक्यावर दिवा आहे, कशाला जाईल? ती उठून आत गेली. वादात हरली की अशीच उठून जाते. आईवर गेलीय.

२ फेब्रुवारी
एक मासा कमी. विलासवर संशय.

५ फेब्रुवारी
तिन्ही गायब. पिल्लाचं पोट टम्म. नालायक. तरी श्रुतीला बोलावलं, म्हटलं बघ कसं रमलंय. बॅग भरत होती. वर बघितलंसुद्धा नाही.

९ फेब्रुवारी
एअरपोर्टला गेलो नाही. टाकीचं पाणी बदलायचं होतं. दारात पाया पडली आणि म्हणाली, "पप्पा, सोडा आता."
माशाबद्दल म्हणत होती.

२० फेब्रुवारी
फोन आला. आईशी अर्धा तास गप्पा. मला एकच प्रश्न, सोडलंत का त्याला? हो म्हटलं. मग सोडणं आलंच.
बादली घेऊन खाडीवर गेलो. चिखलात एक चप्पल गेली. बादली कलती केली तसं सुळकन तिवरांच्या मुळांत घुसलं. रोज माझ्या हातची कोळंबी गिळली, एकदा वळून बघायला काय धाड भरली होती? तिथेच उभा राहून थोडा रडलो. चप्पल नवी होती.
घरी आलो तर मीनाने माळ काढून पुसून ठेवलेली. टाकी विकून टाका म्हणाली.
विकणार नाही. पाणी आजच बदललं. सुट्टीत आली तर लागेल.